ब्याऐंशी लाख ठिपके

दुकानाच्या भिंतीवर तीस पोपट एकदम उडाले आणि आमची सौ. म्हणाली, ‘‘हाच घ्या!’’

‘‘फोर-के आहे साहेब, फुल एचडीच्या चौपट!’’ दुकानातला पोरगा.

मी पडलो बँकेतला कारकून. आकडा पडताळल्याशिवाय सही नाही. ३८४० गुणिले २१६० म्हणजे ८२,९४,४०० ठिपके. फुल एचडीत २०,७३,६००. हिशेब चोख! पण ४३ इंची पडद्यावर फुल एचडीचे ठिपकेसुद्धा सहा फुटांपलीकडून चांगल्या डोळ्यांना सुटे दिसत नाहीत, आणि आमचा सोफा दहा फुटांवर. म्हणजे वरचे बासष्ट लाख ही गोठवलेल्या खात्यातली शिल्लक. आहे, पण काढता येत नाही!

घरी पोपट आलेच नाहीत. मालिका लागली, तीत सासूबाई शेंदूर फासल्यासारख्या. रंगांचा दुकानी ‘व्हिव्हिड’ थाट काढून ‘सिनेमा’ केल्यावर त्या माणसांत आल्या.

खरी मेख आवाजात. टीव्ही इतका पातळ, की स्पीकरला जागाच नाही. तो बापडा खाली तोंड करून पुटपुटतो. शटरवाल्या टीव्हीपुढे एक शब्द न चुकवणारी आमची आई परवा म्हणाली, ‘‘चित्र छान आहे रे. पण ही माणसं बोलत का नाहीत?’’

आता साउंडबार वेगळा घ्यायचा म्हणे. दुकानात मी पोपट मोजत बसलो, ओरडतात कसे ते ऐकलंच नाही.