रबरी बटणे आणि तीन गळे

आमच्या आजोबांच्या पिढीत माणूस एकतर गंधर्वांचा असे, नाहीतर केशवरावांचा. दोघांचाही असणे म्हणजे कोणाचाच नसणे. १९२१ साली मुंबईत 'संयुक्त मानापमान' झाले, बालगंधर्व भामिनी आणि केशवराव भोसले धैर्यधर, तेव्हा दोन्ही तटांतली मंडळी एकाच नाट्यगृहात शेजारी शेजारी बसली. पण येताना आपापला तट घरी ठेवून आली असतील, असे मला वाटत नाही. तो वाद मी केवळ ऐकलेला आहे. मी स्वतः ज्या तटात वाढलो तो नाटकाचा नव्हता, घरगुती संगणकांचा होता. दिवाळीच्या फराळाबरोबर संगणकांचे रसग्रहण कशाला, असे ज्यांना वाटेल त्यांनी चिवड्याची बशी जवळ ओढावी आणि थोडा धीर धरावा.

साल १९८५. मी इंग्लंडात लेस्टरला मामांकडे शाळेसाठी राहत होतो. मामा होजिअरीच्या कारखान्यात होते. त्यांनी आणलेला संगणक सिंक्लेअर स्पेक्ट्रम. काळी, पाठ्यपुस्तकाएवढी पेटी, कोपऱ्यात रंगीत पट्टे, आणि खोडरबरासारखी मऊ बटणे. घरच्या टीव्हीला तो जोडायचा, कॅसेट लावायची, आणि पाच मिनिटे किंचाळ्या ऐकत खेळ चढण्याची वाट पाहायची. चार घरे सोडून एक गुजराती मुलगा राहत असे. त्याच्या वडिलांचे दुकान होते आणि त्याच्याकडे कमोडोर ६४ होता. शाळेत बीबीसी मायक्रो असे; पण तो मास्तरांचा संगणक, त्याची बाजू घेऊन कोणी भांडत नसे. (आपल्याकडेही १९८४च्या सुमारास शाळांतून संगणक-साक्षरतेचा जो सरकारी प्रकल्प सुरू झाला त्यात हाच बीबीसी मायक्रो होता. मास्तरांची पसंती सगळीकडे सारखीच!)

दोन्ही यंत्रे १९८२ सालची. स्पेक्ट्रमची मोठी आवृत्ती १७५ पौंडांना निघाली. कमोडोरला इंग्लंडात सुरुवातीला त्याच्या दुपटीहून अधिक पैसे पडत. आम्ही दोघे मात्र असे भांडत असू की जणू जगातली सारी यंत्रे तपासून आम्ही आपापली निवड केली होती. निष्ठा आमची, निवड वडीलधाऱ्यांच्या खिशाची. हे कबूल करायला मला चाळीस वर्षे लागली, म्हणून आधीच सांगून टाकतो. पुढचे विवेचन वाचकांनी त्या हिशेबाने वाचावे.

त्याचा मुख्य आक्षेप रंगांवर होता. स्पेक्ट्रमच्या खेळातला नायक हिरव्या झाडाजवळून गेला की स्वतःच हिरवा होई, किंवा झाड त्याच्या रंगाचे होई. "तुझ्या यंत्राचे कपडे एकमेकांना रंग देतात," असे तो म्हणे. आक्षेप खरा होता. पण असे का होई, हे पाहिले पाहिजे. स्पेक्ट्रमच्या पडद्यावर आडवे २५६ आणि उभे १९२ ठिपके. प्रत्येक ठिपका पेटलेला की विझलेला, एवढेच लिहून ठेवायला ६,१४४ बाइट लागतात. प्रत्येक ठिपक्याला स्वतंत्र रंग द्यायचा तर २४ हजारांवर बाइट खर्ची पडले असते, आणि स्वस्तातल्या स्पेक्ट्रमची एकूण स्मरणशक्तीच सोळा हजारांच्या घरातली! मग कर्त्यांनी युक्ती केली. पडद्याचे आठ बाय आठ ठिपक्यांचे ७६८ चौकोन पाडले आणि प्रत्येक चौकोनाला दोनच रंग दिले, एक शाईचा आणि एक कागदाचा. रंगांचा सारा संसार ७६८ बाइटांत उरकला. काटकसरी घरात एकाच पातेल्यात आमटी आणि भाजी दोन्ही व्हावी, तसे हे. चवी थोड्या मिसळणारच.

आता खरा समीक्षेचा मुद्दा येतो. ही मर्यादा पाहून सामान्य कारागीर रडत बसले, किंवा सगळे कसेबसे रंगवून मोकळे झाले. पण १९८४ साली 'नाइट लोअर' नावाचा खेळ आला. त्याच्या कर्त्यांनी प्रत्येक दालन एकाच रंगात रंगवले. एक शाई, काळा कागद. मग मिसळायला दुसरा रंगच उरला नाही. रंगांचा मोह सोडल्यामुळे त्यांना वेगळेच काही साधले: दालने तिरप्या कोनातून, लांबी-रुंदी-उंचीसह दिसू लागली, ठोकळ्यांमागे माणूस खरोखर लपू लागला. त्या दालनांत रात्र झाली की नायकाचा लांडगा होई, आणि तो क्षण पाहताना रंग कमी आहेत हे कोणाच्या ध्यानातही येत नसे. वृत्ताच्या बंधनात कवीला जसा नेमका शब्द सापडतो, तसे हे घडले असे मी तेव्हापासून म्हणत आलो आहे. हा खेळ त्या काळी कमोडोरवर आलाच नाही. तेव्हा संध्याकाळी आमचा कमोडोरवाला निमूटपणे मामांच्या घरी येई, मामींच्या हातचा चहा घेई, आणि दोन तास स्पेक्ट्रमविरुद्ध एक शब्द बोलत नसे.

कमोडोरवाल्यांच्या चित्रांविषयी माझे मत तेव्हा होते तेच आहे. हलत्या आकृतींसाठी त्यांच्या यंत्रात आठ स्वतंत्र जागा होत्या, त्यामुळे नायक झाडाच्या रंगात बुडत नसे, हे मान्य. पण अधिक रंग हवे असले की त्यांचे ठिपके दुप्पट रुंद होत. चेहऱ्याऐवजी विटा दिसत, आणि त्याही पुष्कळदा मातकट. स्पेक्ट्रमची रेघ मात्र बोरूने ओढल्यासारखी स्वच्छ. इथे मी माघार घेणार नाही.

माघार घ्यावी लागते ती संगीतात. स्पेक्ट्रमला आवाजासाठी स्वतंत्र सोय अशी नव्हतीच. मुख्य प्रोसेसरनेच बारक्या स्पीकरला टिचक्या मारायच्या. टिचक्या मारत असताना त्याला दुसरे काम करता येत नसे. तरीही 'मॅनिक मायनर'मध्ये मॅथ्यू स्मिथने १९८३ साली खेळ आणि गाणे आलटूनपालटून चालवले, आणि टिम फॉलिनने तर त्या एका टिचकीतून अनेक सुरांचा भास उभा केला. हे कौशल्य मोठे, पण कौशल्य ऐकून आपण "वा!" म्हणतो, डोळे मिटत नाही. कमोडोरमध्ये बॉब यानेस यांनी रचलेली सिड नावाची चिप होती. तिला तीन गळे. प्रत्येक गळ्याचा पोत निराळा ठेवता येई, सूर कसा उगवावा आणि कसा मावळावा हेही ठरवता येई.

१९८५ साली 'माँटी ऑन द रन' हा खेळ दोन्ही यंत्रांवर आला. कायद्यापासून पळणाऱ्या, बिळात राहणाऱ्या एका प्राण्याची गोष्ट. खेळ म्हणून मला तो स्पेक्ट्रमवरच आवडे. पण कमोडोरवर त्याला रॉब हबर्डचे संगीत होते. जवळजवळ सहा मिनिटांची ती रचना धावत सुटते, आणि मध्येच एक सूर व्हायोलिनसारखा असा उसळतो की पळणाऱ्याची भीती आणि मस्ती दोन्ही त्यात ऐकू येतात. मी ती प्रथम ऐकली तेव्हा मित्राच्या दिवाणखान्यात उभा होतो. खेळ सुरू करायचे बटण दाबू नको, असे मीच त्याला सांगितले. त्याने वळून पाहिले, तेव्हा मी "माझ्या यंत्रावर खेळ जास्त वेगाने चालतो" असे काहीतरी पुटपुटलो. ते खोटे होते.

या भांडणाला दारूगोळा पुरवत ती मासिके. स्पेक्ट्रमवाल्यांचे 'क्रॅश', कमोडोरवाल्यांचे 'झॅप ६४'. एकमेकांच्या यंत्रांची टर उडवण्यात दोन्ही तरबेज. 'क्रॅश'ची परीक्षणे लडलो या छोट्या गावातली शाळकरी मुलेही लिहीत, आणि त्यांना आवडनिवड सांगण्याची लाज नसे. एकाच खेळावर तिघे तीन मते छापत. खेळ हा कशामुळे चांगला ठरतो, याचा विचार मी तिथे शिकलो. पुढे मराठीतली बरीच ग्रंथपरीक्षणे वाचताना त्या पोरांची आठवण झाली, आणि ती दर वेळी परीक्षणकर्त्याच्या बाजूने झाली असे नाही. गंमत अशी, की दोन्ही मासिके निघत त्याच लडलोतून, एकाच प्रकाशनसंस्थेकडून, आणि दोन्हींची मुखपृष्ठे रंगवी तो ऑलिव्हर फ्रे. एका महिन्यात एकाच कुंचल्याने दोन्ही सैन्यांचे ध्वज रंगवले जात होते, आणि आम्ही त्या ध्वजांखाली लढत होतो. हे कळल्यावर मला फसवल्यासारखे वाटायला हवे होते. वाटले नाही. फ्रेच्या हाताने 'क्रॅश'साठी जरा अधिक जीव ओतला, असे मी लगेच शोधून काढले. मित्राने अर्थातच उलटे शोधून काढले.

आज त्याच गोष्टीची पुनरावृत्ती झाली आहे. २०१८ साली ज्या कंपनीने कमोडोरची छोटी प्रतिकृती बाजारात आणली, तिनेच २०२४च्या नोव्हेंबरात स्पेक्ट्रमची आणली, रबरी बटणांसकट. आता यंत्रे निवडायला कोणाच्या पगाराची अडचण नाही. दोन्ही घेता येतात. मी एकच घेतला. मित्राचा फोन आला.

"बटणे तशीच आहेत का रे? खोडरबरासारखी?"

"तशीच."

"मग टाइप काय करतोस, डोंबल!"

येत्या नाताळात तो आठवडाभर माझ्याकडे राहायला येणार आहे, आणि आपले यंत्र बरोबर आणणार आहे. घरात टीव्ही एकच. पहिली पाळी कोणाची, यावर अजून बोलणी चालू आहेत.