कोळ्याचे जाळे : अर्थ आणि रेखांकन – एक चिकित्सक विचार

प्रस्तावना :
मराठीत ‘कोळी’ हा शब्द मासे धरणाऱ्यासाठी वापरला जातो, तसाच जाळे विणणाऱ्या अष्टपाद जीवासाठीही. दोघांचेही साधन जाळे. मात्र कोळ्याचे जाळे जुने होऊन धूळ धरून लोंबू लागले की भाषा त्याला जळमट किंवा कोळिष्टक म्हणते. ‘विचारांची जळमटे झटकणे’ यांसारख्या प्रयोगांमुळे हाच उत्तरार्थ अधिक रूढ झाला. चित्रात किंवा नेपथ्यात कोपऱ्यातील जाळे म्हणजे ओसाडपणा, असा संकेत त्यातूनच पक्का झाला. हा संकेत अपुरा आहे आणि जाळ्याच्या सदोष रेखांकनाने त्याला बळ मिळते, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

परंपरेतील अर्थ :
पिंपरी-चिंचवड व चाकण या औद्योगिक पट्ट्यातच आळंदी आहे. ज्ञानेश्वरीची प्रत शके १५०६ (इ. स. १५८४) मध्ये शुद्ध करणाऱ्या एकनाथांचे नाव या क्षेत्राशी कायमचे जोडले गेले आहे. त्यांनी १५७३ मध्ये वाराणसीस पूर्ण केलेले ‘एकनाथी भागवत’ ही भागवताच्या एकादश स्कंधावरील टीका होय. त्या स्कंधाच्या नवव्या अध्यायात अवधूताच्या चोवीस गुरूंपैकी एक म्हणून कोळी येतो. हा दृष्टान्त मुंडकोपनिषदातही आहे. कुंभाराला माती बाहेरून आणावी लागते. ऊर्णनाभी मात्र स्वतःच्याच देहातून धागा काढतो आणि स्वतःच विणतो. निमित्तकारण व उपादानकारण येथे एकच ठरतात. म्हणजेच जाळे हे निर्मितीचे आणि ती आवरून घेण्याचे चिन्ह आहे.

प्राणिशास्त्रही या निरीक्षणाला दुजोरा देते. चक्राकार जाळे विणणाऱ्या अनेक जाती जुने जाळे खाऊन त्यातील प्रथिने नव्या धाग्यासाठी वापरतात. तथापि दृष्टान्ताची मर्यादाही नोंदवली पाहिजे. जाळे मुळात शिकारीसाठी असते आणि धाग्याचे द्रव्य अखेर भक्ष्यातूनच येते. त्या भक्ष्याला दृष्टान्तात स्थान नाही.

रेखांकनातील दोष :
शालेय चित्रांत बहुधा मध्यबिंदूतून रेषा काढून त्यांवर एकाबाहेर एक बंद वर्तुळे किंवा आत वळलेल्या कमानी काढल्या जातात. प्रत्यक्षात कोळी आधी दोन आधारांमध्ये धागा टाकतो, मग चौकट व आरे रचतो. त्यानंतर केंद्राकडून बाहेर एक विरळ, तात्पुरते सर्पिल विणतो. शेवटी बाहेरून आत येत चिकट सर्पिल घालतो आणि तात्पुरता धागा काढत जातो. उभ्या जाळ्याचे केंद्र सहसा मधोमध नसून थोडे वर असते, कारण खाली तोंड करून बसलेल्या कोळ्याला खालच्या दिशेने वेगाने धावता येते. दोन आऱ्यांमधला धागा ताणामुळे जवळजवळ सरळ असतो. दवाच्या भाराने तो झुकला तर जमिनीकडे झुकतो, केंद्राकडे नव्हे.

या पट्ट्यातील अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला आर्किमिडीजचे सर्पिल अपरिचित नाही. वर्तुळाचे बारा समान भाग करून मिळालेले बिंदू तो सलग वक्राने जोडतो. जाळ्याचे फेरेही साधारण समान अंतराचे असतात. तेथे ते बिंदू वक्राऐवजी सरळ तुकड्यांनी जोडले की चित्र वस्तुस्थितीच्या जवळ येते.

समारोप :
बंद वर्तुळांना आरंभ नसतो, म्हणून त्यांत विणणाराही दिसत नाही. उरते ती केवळ नक्षी किंवा अडगळीची खूण. सर्पिल काढताना मात्र हाताला एका धाग्याचा माग घ्यावा लागतो आणि तो माग विणणाऱ्या देहापर्यंत पोहोचतो. रेखांकन सुधारले की अर्थही सुधारतो, तो असा. आळंदीच्या कीर्तनात ऐकलेला दृष्टान्त आणि महाविद्यालयात काढलेला वक्र एकाच विद्यार्थ्याजवळ असूनही वेगवेगळ्या वर्गखोल्यांत राहतात. भाषा, प्राणिशास्त्र आणि रेखाशास्त्र यांच्या अध्यापकांनी एकत्र घेतलेला एक तास ही दरी कमी करू शकेल.