विषाद : संचारी की स्थायी?

भरताच्या नाट्यशास्त्रात ३३ व्यभिचारी भाव गणिले आहेत. निर्वेद, ग्लानी, चिंता, दैन्य आणि विषाद ही नावे त्या मालिकेत आहेत. आणि लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, व्याधी व उन्माद हेही तेथेच आहेत. स्थायी भावाच्या आश्रयाने लाटांप्रमाणे उठावे आणि विरून जावे हा त्यांचा धर्म. म्हणूनच त्यांस संचारी असे दुसरे नाव पडले. रसचर्चेपुरती ही व्यवस्था सुंदर आहे. परंतु तिचा आधार न घेताही आपल्या सुशिक्षित घरांतून नेमकी हीच समजूत व्यवहारात रूढ झालेली दिसते. खिन्नता यावयाची आणि जावयाची. चार दिवस धीर धरला म्हणजे झाले! पण जो विषाद जात नाही, त्याची वाट काय?

वैद्यकशास्त्र त्यास नैराश्याचा विकार अथवा डिप्रेशन म्हणते. दोन आठवडे किंवा अधिक काळ, जवळजवळ रोज आणि दिवसाचा बहुतेक भाग मन खचलेले असणे, अथवा पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींतील रस नाहीसा होणे, हे त्याचे मुख्य लक्षण. त्याजबरोबर झोप व भूक बिघडते, थकवा येतो, चित्त ठरत नाही, आपण अपराधी आहोत असे वाटते आणि कधी मरणाचे विचार येतात. आमच्या वऱ्हाडातील माणूस इतके सर्व सांगत नाही. तो एवढेच म्हणतो, 'मले गमत नाही.' या दोन-तीन शब्दांत रोगाचे मर्म पुष्कळसे आले आहे; उणीव आहे ती हे शब्द लक्षपूर्वक ऐकणाऱ्याची.

अशा रोग्याच्या हाती बहुधा गीता दिली जाते. गीतेच्या थोरवीविषयी दुमत असण्याचे कारण नाही. पहिल्या अध्यायातील वर्णनही किती सूक्ष्म आहे! अर्जुनाची गात्रे गळतात, तोंडास कोरड पडते, अंगास कंप सुटतो, हातातून गांडीव निसटते. विषाद केवळ मनात राहत नाही, देहात उतरतो, हे कवीने अचूक टिपले आहे. तथापि अर्जुनाचा विषाद कारणयुक्त आहे, प्रसंगाने उत्पन्न झालेला आहे आणि संवादाने ओसरणारा आहे. खरोखरीच संचारी आहे. त्यास रोगी ठरविणे ही काव्याची विटंबना, आणि रोग्यास अर्जुन समजून उपदेश करणे ही माणसाची. शिवाय दुसऱ्या अध्यायाच्या आरंभी भगवंतांनी त्याच्या दुर्बलतेची केलेली निर्भर्त्सना आपण उत्साहाने उचलतो, पण तेवढ्याने अर्जुन उठला नाही, पुढे दीर्घ संवाद करावा लागला, हे सोयीस्करपणे विसरतो.

याच्या उलट बाजूचा दाखला बालकवींचा. निसर्गातील आनंदाचा हा कवी एका प्रसिद्ध कवितेत आपल्या उदासीनतेचा उगम आपणासच सापडत नसल्याची व्यथा सांगतो. टीकाकारांनी तीत कविहृदयाची हळुवारता पाहिली. कवितेवरून कवीचे निदान करणे सर्वस्वी गैर होय. पण उदासीनतेस दाखविता येण्यासारखे कारण असतेच असे नाही, हा त्या कवितेतील अनुभव वैद्यकासही मान्य आहे. कवीची अकारण उदासी आपणांस रमणीय वाटते. तीच घरातील सुनेस अथवा मुलास झाली की आपण तीस आळस म्हणतो!

वऱ्हाडात हा प्रश्न वाङ्मयीन उरलेला नाही. २००६ साली केंद्र सरकारने शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे विदर्भाच्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी साहाय्य योजना जाहीर केली, त्यांत अमरावती व अकोला होते. कर्ज, नापिकी, पडलेले भाव ही कारणे खरी आहेत व त्यांचा उपाय अर्थकारणातच शोधला पाहिजे. परंतु कर्जाच्या भाराखाली दबलेल्या मनास विकार जडला असल्यास त्यास उपचारही हवा. एक उपाय दुसऱ्याचा शत्रू नव्हे.

या दृष्टीने अमरावती जिल्ह्यातील ३० खेड्यांत झालेला 'विश्राम' हा उपक्रम मननीय आहे. गावातल्याच कार्यकर्त्यांनी घरोघरी या दुःखाविषयी बोलावे, शिकविलेल्या समुपदेशकांनी धीराने ऐकून रोग्यास एकेका कामाकडे पुन्हा वळवावे, आणि गरज असेल त्यास मनोविकारतज्ज्ञाकडे न्यावे, अशी त्याची त्रिविध रचना. २०१७ साली 'लॅन्सेट सायकायट्री' या नियतकालिकात त्याची फलनिष्पत्ती प्रसिद्ध झाली. आरंभी नैराश्यग्रस्तांपैकी शेकडा ४.३ जणच मदत घेत होते. १८ महिन्यांनंतरच्या पाहणीत हे प्रमाण २७.२ आढळले. शेकडा सत्तराहून अधिक तरीही बाहेरच राहिले, हे खरे. पण खेडूत माणूस असल्या उपचारास तयारच होत नाही, हा आक्षेप मात्र येथे टिकत नाही. त्याच्या भाषेत विचारणारा कोणी भेटला, तर तो येतो.

खेड्याने जे मानले ते शहरातील सुशिक्षित घराने मानू नये, याचे नवल वाटते. मुलगी अभ्यासास बसत नाही, कर्ता पुरुष पहाटे तीनला जागा होऊन छताकडे पाहत राहतो. घरचे लोक लग्नाच्या बाजारात नाव जाईल म्हणून गप्प राहतात. वस्तुतः सौम्य विकारास बोलण्याचे उपचारही पुरेसे होतात. तीव्र असल्यास औषध लागते. त्याचा गुण दिसण्यास काही आठवडे जातात आणि बरे वाटताच ते परस्पर सोडावयाचे नसते. या औषधांची दारूसारखी चटक लागते, ही समजूत चुकीची आहे. अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मनोविकारांवर उपचार होतात. २०२२ पासून 'टेलि-मानस' या सरकारी सेवेच्या १४४१६ क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते. मरणाची भाषा कोणी करीत असेल, तर मात्र त्यास एकटे न सोडता त्याच दिवशी वैद्य गाठला पाहिजे.

संचारी भाव कोणता आणि मुक्काम ठोकून बसलेली व्याधी कोणती, हा विवेक रसिकास काव्यात करता येतो. तोच त्याने आपल्या घरात करावा, एवढीच अपेक्षा आहे.