विषय होता, प्रश्न नव्हता

पीएचडीच्या अर्जासाठी मी ‘जात आणि विवाह’ या विषयावर प्रस्ताव लिहिला. त्यात विषय होता, प्रश्न नव्हता. हे उमगलं डॉ. आंबेडकरांचा ‘कास्ट्स इन इंडिया’ वाचताना. हा निबंध त्यांनी ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठातल्या सेमिनारमध्ये वाचला. सेनार, नेसफील्ड, रिस्ले, केतकर यांच्या व्याख्या तपासून ते एक दावा करतात: जातीतच लग्न करण्याचं बंधन हा जातीचा गाभा. सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह ही ते बंधन टिकवण्याची साधनं. जात मुख्यतः अनुकरणातून पसरली, हे त्यांचं म्हणणं मला अपुरं वाटतं. त्यात जबरदस्तीचा विचार कमी आहे. पण दावा स्पष्ट आहे, म्हणून वाद घालता येतो. माझ्या प्रस्तावाशी कुणालाच वाद घालता आला नसता. तो मी पुन्हा लिहायला घेतलाय.