‘आगोगे’ : संज्ञा, प्रमाणे आणि वारसा

प्राचीन ग्रीसमधील लष्करी शिक्षणाचा विषय निघाला की स्पार्टाचे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते : सातव्या वर्षी घरापासून दुरावलेला मुलगा, लव्हाळ्यांची शय्या, अपुरे अन्न, चोरी करताना सापडल्यास फटके. हे चित्र ज्या प्रमाणांवर उभे आहे त्यांचे परीक्षण मात्र क्वचितच होते.

या शिक्षणास ‘आगोगे’ म्हणण्याचा प्रघात आहे. ‘आगेइन्’ (नेणे, हाकणे) या क्रियापदापासून हा शब्द साधलेला असून संस्कृत ‘अज्’ हा धातू त्याचा सगोत्र होय. प्लूटार्क मुलांच्या पथकांना ‘आगेलाय’, म्हणजे कळप, म्हणतो. हे रूपक इतके बोलके आहे की त्यातच स्पार्टाचे सारे सत्य साठले आहे असे वाटावे. परंतु स्पार्टाशी निकट परिचय असलेल्या झेनोफनने इ. स. पू. चौथ्या शतकात याच शिक्षणासाठी ‘पायदेइया’ हा सर्व ग्रीकांचा सामान्य शब्द योजला आहे. ‘आगोगे’ ही विशिष्ट संज्ञा रूढ झाली ती पुढे, हेलेनिस्टिक काळात.

हा केवळ शब्दाचा प्रश्न नाही. मध्यंतरी लोपलेले हे शिक्षण तिसऱ्या क्लिओमेनीझने इ. स. पू. २२७ च्या सुमारास पुन्हा सुरू केले, इ. स. पू. १८८ मध्ये फिलोपोमेनने ते मोडले आणि नंतर रोमनांच्या अनुमतीने ते पुनश्च उभारले गेले. प्लूटार्कने आर्टेमिस ऑर्थियाच्या वेदीपाशी फटके खाणारे तरुण पाहिले ते या पुनरुज्जीवित स्पार्टात. इ. स. तिसऱ्या शतकात तेथे प्रेक्षकांसाठी रंगमंडलही बांधण्यात आले. जे लायकर्गसचे पुरातन शासन म्हणून सांगितले जाते त्याचा काही भाग अशा रीतीने पूर्ववैभवाच्या स्मृतीवर जगणाऱ्या नगराचा प्रयोग ठरतो.

ॲरिस्टॉटलची साक्ष याहून जुनी व परखड आहे. स्पार्टाचे वर्चस्व पद्धतीच्या श्रेष्ठतेमुळे नव्हे, तर इतर कोणीच शिक्षण घेत नसताना ते एकटेच घेत होते म्हणून टिकले, असे तो ‘राजनीती’त म्हणतो. इ. स. पू. ३७१ मधील ल्यूक्त्राचा पराभव त्याच्यापुढे होता.

अथेन्सचा मार्ग निराळा होता. १८९१ साली प्रसिद्ध झालेल्या पपायरसवरील ‘अथेन्सची राज्यघटना’ या ग्रंथात अठरा वर्षांच्या तरुणांच्या दोन वर्षांच्या सेवेचे वर्णन आहे : पहिल्या वर्षी पिरेयसच्या बंदरावर पहारा आणि ढालभाला, धनुष्य, भालाफेक व क्षेपक यंत्र यांचे शिक्षण, दुसऱ्या वर्षी राज्याकडून ढाल व भाला घेऊन सीमेवर गस्त. पुढे हीच ‘एफेबेइया’ एक वर्षाची झाली, परकीय तरुणांना खुली झाली, इ. स. पू. दुसऱ्या व पहिल्या शतकांतील कोरीव लेखांत हे तरुण तत्त्वज्ञांची व्याख्याने ऐकताना आणि ग्रंथालयास पुस्तके देताना दिसतात. युद्धाची गरज ओसरली, तरी संस्था टिकली. कारण तिने आपला आशय बदलला.

वारसा म्हणून काय उरले, याचा निवाडाही शब्दच करतात. ‘गिम्नासिऑन’ हे उघड्या अंगाने व्यायाम करण्याचे स्थान. जर्मनीत त्याच शब्दाचा अर्थ विद्यापीठाची वाट दाखविणारी शाळा असा झाला. मराठीत नेमका उलटा प्रवास आढळतो : अरबीत ‘शिकवण’ असा अर्थ असलेली ‘तालीम’ आपल्याकडे मल्लांच्या आखाड्याची झाली. शरीर व बुद्धी यांच्या शिक्षणातील सीमारेषा भाषांनी कधीच पक्की मानली नाही, असाच याचा अर्थ.

स्पार्टाने मात्र मागे ठेवली ती संस्था नव्हे, प्रतिमा. ३० जानेवारी १९४३ रोजी स्टालिनग्राड येथे वेढलेल्या जर्मन सैन्यासंबंधी बोलताना गोअरिंगने थर्मोपिलीचा दाखला दिला. उत्तरकालीन प्रमाणांतून घडलेली प्रतिमा अशा रीतीने जिवंत माणसांकडून मरणाची मागणी करू शकते. म्हणून तिचे प्रमाणपरीक्षण ही केवळ पंडितांची हौस नव्हे.