युद्धपटांतील मृतांची मोजदाद

१९९७ साली आलेला जे. पी. दत्ता यांचा ‘बॉर्डर’ हा हिंदी चित्रपट पाहून बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकाची जर अशी समजूत झाली की, १९७१ च्या डिसेंबरातील ४ तारखेच्या रात्री लोंगेवालाच्या चौकीवर आपले जवान एकामागून एक धारातीर्थी पडले आणि पहाटे वायुदलाची हंटर विमाने आली तेव्हा मोजकेच उरले होते, तर त्याला दोष देता येणार नाही. कारण पडद्यावर त्याने तेच पाहिलेले असते. दप्तरी नोंद निराळी आहे. मेजर कुलदीपसिंग चांदपुरी यांच्या हाताखालील सुमारे १२० शिपायांपैकी त्या लढाईत कामास आले ते दोघे. आणि ज्यांच्या हौतात्म्याने प्रेक्षागृहात हुंदके फुटतात ते सीमा सुरक्षा दलाचे भैरोसिंग राठोड त्यानंतर ५१ वर्षे जगून २०२२ च्या डिसेंबरात जोधपुरास निवर्तले.

इतिहासाच्या तपशिलात फेरफार करण्याची मुभा कलावंतास असते, हे प्रस्तुत लेखकास मान्य आहे. प्रश्न त्या मुभेच्या वापराचा आहे. रणगाड्यांची घरघर वाळवंटातल्या काळोखातून जवळ येत असता, मूठभर माणसांनी उजाडेपर्यंत दम धरावा आणि त्यांपैकी बहुतेकांनी सकाळ पाहावी, ही घटना मुळातच विलक्षण नाट्यपूर्ण आहे; परंतु रक्ताचा मुबलक सडा पडल्यावाचून विजयाचे मोल प्रेक्षकास कळणार नाही, अशी आमच्या दिग्दर्शकांची धारणा दिसते. युद्धातील मृत्यू आमचे चित्रपट लपवितात हा आक्षेप म्हणूनच लटका आहे. ते मृत्यूची उधळपट्टी करतात आणि त्याचा शौर्यावरील दागिना करून टाकतात.

चेतन आनंद यांच्या ‘हकीकत’वर (१९६४) ही आपत्ती आली नाही, याचे काही श्रेय दिग्दर्शकाला आणि काही १९६२ च्या पराभवाला द्यावे लागेल. पराभवाला साज कसला चढविणार? लडाखच्या उघड्या डोंगरांत थंडी, उपासमार व माघार यांखेरीज दाखविण्याजोगे फारसे नव्हते. त्यातील लडाखी तरुणीचे प्रेमप्रकरण ओढूनताणून आणल्यासारखे वाटते आणि चिनी सैनिक तर केवळ बाहुले आहेत. तथापि मदनमोहन यांच्या चालीवरील एका गीतात महंमद रफी, तलत महमूद, मन्ना डे आणि भूपिंदर यांचे आवाज एकामागून एक येतात. आवाजागणिक शिपाई बदलतो, त्याच्या मागचे घर बदलते, आणि यांतला कोण पडला तर कोठे उणीव पडेल, हे गोळी सुटण्यापूर्वीच आपणांस उमगते.

क्लिंट ईस्टवुड यांनी २००६ साली इवो जिमाच्या एकाच लढाईवर दोन चित्रपट काढून मृतांचा ताळेबंद दोन्ही बाजूंनी मांडला. १९४५ च्या १९ फेब्रुवारीपासून २६ मार्चपर्यंत चाललेल्या त्या झुंजीत सुमारे ७,००० अमेरिकन पडले आणि सुमारे २०,००० जपानी शिबंदीपैकी अगदी थोडे वाचले. पहिल्या चित्रपटात, सुरिबाची टेकडीवर ध्वज उभारणारे म्हणून मायदेशी आणलेल्या तिघांना युद्धकर्जाचे रोखे खपविण्यासाठी गावोगाव मिरविले जाते. एका मेजवानीत त्या प्रसिद्ध छायाचित्राबरहुकूम घडविलेले आइस्क्रीम वाढतात. वाढपी विचारतो, चॉकलेट की स्ट्रॉबेरी, आणि त्या पांढऱ्या आकृतींवर लाल रस ओघळू लागतो. छायाचित्रातील सहांपैकी तिघे त्या बेटावरच गाडले गेले होते, हे बोलून दाखविण्याची गरज राहत नाही.

जपानी भाषेतील दुसरा चित्रपट आम्हांस अधिक मोठा वाटतो. जखमी अमेरिकन कैदी मरण पावल्यावर त्याच्या आईचे पत्र एक जपानी अधिकारी आपल्या शिपायांना भाषांतर करून वाचून दाखवितो. पत्रात घरगुती बातम्यांखेरीज काही नसते, आणि ऐकणाऱ्यांना त्यात आपापल्या आईचे बोलणे ऐकू येते. शत्रूच्या मृत्यूलाही खर्चाच्या बाजूस रुजू करण्याचे हे धाडस आमच्या पडद्याला अद्याप परवडलेले नाही.

मराठी वाचकास या खर्चाची ओळख नवी नाही. १४ जानेवारी १७६१ च्या संहाराची वार्ता पेशव्यांना ज्या सांकेतिक पत्राने कळली असे सांगतात, त्यात विश्वासराव व भाऊसाहेब मोती झाले, सरदार मोहोरा झाले, आणि रुप्या-तांब्याचा खुर्दा किती गेला याची गणती उरली नाही. आशुतोष गोवारीकरांचा ‘पानिपत’ (२०१९) हा मोत्यांचा चित्रपट आहे. छावणीतील हजारो बुणगे, यात्रेकरू व बायकामुले यांची पराभवानंतर जी कत्तल आणि धरपकड झाली, ती एका स्वतंत्र चित्रपटाचा ऐवज होईल. येथे भाऊसाहेब पडले की कथेचा जीव संपतो.

त्या मानाने दिग्पाल लांजेकरांच्या ‘पावनखिंड’ने (२०२२) खुर्द्याकडे पाहिले, हे कबूल केले पाहिजे. बाजीप्रभूंच्या पराक्रमावरच न थांबता, महाराजांचा वेष घेऊन मरणाच्या पालखीत बसलेल्या शिवा काशिदालाही त्याने मनापासून जागा दिली. १३ जुलै १६६० ची खिंड सुरू झाली की मात्र बांदलांचे मृत्यू संथगतीत, वाद्यांच्या गजरात, एकाच साच्यातून निघाल्यासारखे पडू लागतात आणि डोळा निबर होतो. शिवा काशिदाच्या वाट्याला आलेला निवांतपणा खिंडीतल्या चार बांदलांना मिळाला असता तर चित्रपट दहा मिनिटांनी लांबला असता, आणि तेवढ्या घोषणा कमी करता आल्या असत्या.