छायाचित्रातील एकटे झाड

विल्यम हेन्री फॉक्स टॉल्बट याने १८४० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत घेतलेले हिवाळ्यातील ओक वृक्षाचे छायाचित्र पुष्कळांच्या पाहण्यात असेल. निष्पर्ण फांद्या, मागे कोरे आकाश, जवळपास माणूस नाही. त्यात एकाकी आत्म्याचे प्रतीक पाहण्याचा प्रघात आहे. तो सर्वस्वी चुकीचा आहे असे आम्ही म्हणत नाही. निसर्गापुढे एकटा उभा असलेला जीव हा त्या काळच्या युरोपीय काव्याचा आणि चित्रकलेचा आवडता विषयच होता. परंतु हे श्रेय वाटताना रसायनाचा वाटा विसरला जातो. त्या वेळचे लेप निळा प्रकाश चटकन टिपत, हिरवा फारच थोडा. म्हणून आकाश पांढरेफटक उमटे आणि पर्णसंभार काळवंडे. प्रकाशही बराच वेळ पडू द्यावा लागे. तेवढ्यात वाऱ्याने पान हलले की पुसट होई. पाने गळालेले झाड मात्र समंजस गिऱ्हाइकासारखे स्तब्ध राही! ज्या रितेपणास आपण विरह म्हणतो, त्याचा काही अंश निव्वळ लेपाची मर्यादा होय.

सॅम्युएल बोर्न १८६३ ते १८७० या काळात आपल्या देशात होता. कलकत्त्याकडील वटवृक्ष त्यानेही टिपले. पण वडास एकाकी म्हणावे तरी कसे? शिबपूरच्या उद्यानातील महावटाचे मूळ खोड रोगामुळे १९२५ साली काढून टाकावे लागले, तरी पारंब्यांच्या बळावर तो विस्तारतच राहिला.

आमच्या उज्जयिनीत भैरवगडाकडे क्षिप्राकाठी सिद्धवट आहे. झाड एकच, पण त्याच्यापाशी पिंडदानास आलेली कुटुंबे असतात, दूध वाहणारे हात असतात. तो तोडून वर लोखंडी तवे ठोकले असता ते फोडून पुन्हा अंकुरला, अशी कथा पंडे सांगतात. पहाटेची निर्जन वेळ साधून कोणी त्याचे छायाचित्र घेतले तर ते सुंदर होईलही. सिद्धवट मात्र त्यात येणार नाही.

मध्यंतरी नववीच्या वर्गात आम्ही टॉल्बटचा तो ओक दाखविला. ‘एकटेपणा’ हे उत्तर बहुतेकांनी दिले. ते आम्हीच पढविले होते. मागच्या बाकावरील एका मुलाने विचारले, “सर, याला पार का नाही बांधला?” वर्ग हसला. आम्हांस हसू आले नाही. चित्रात काय नाही, हे त्या एकट्यानेच पाहिले होते. त्या दिवशी वहीतले उत्तर आम्ही खोडावयास सांगितले.